दर्शनाच्या गाठी

दर्शनाच्या ओढणीला कायम गाठी असायच्या. एखादी नाही, तीन-चार. घरात ती गाऊन घालायची, त्यावर ओढणी, आणि सकाळी कामाला लागण्याआधी ओढणीचं टोक हातात घेऊन एकेक गाठ मारायची. "ही दुधाची. ही दळणाची. ही स्वराच्या डब्याची." दुपार झाली तरी गाठी तशाच असायच्या आणि कुठली कशाची हे तिला आठवायचं नाही. मग ती टोक माझ्यापुढे धरायची. "अक्का, बघा ना, ही जाडी गाठ कशाची असेल?" जसं काही मला ती वाचता येणार होती.

ही युक्ती तिला मीच शिकवली होती. माझी आई काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची. पण आईची गाठ एकच असायची, आणि काम झालं की ती लगेच सोडायची. दर्शनाला गाठ मारायचं आठवायचं, सोडायचं आठवायचं नाही. धुवायच्या कपड्यांत तिची ओढणी आली की मी बसून गाठी सोडायचे. काही इतक्या घट्ट असायच्या की दाताने सोडवाव्या लागायच्या.

दर्शना माझी धाकटी जाऊ. महेशभावजींची बायको, स्वराची आई. तिचं माहेर माणगावचं, वडिलांची एस.टी. स्टँडजवळ चहाची टपरी होती. आमच्याकडे अलिबागच्या बाजूला ती लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती. तिसऱ्याच दिवशी तिने चहा ठेवला, चहात घालायला गवती चहा आणते म्हणून परसात गेली, तिथे मांजरीची पिल्लं दिसली, आणि इकडे पातेलं कोळशासारखं काळं झालं. सासूबाई धुरात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो, मांजर बघायला आणली व्हय तुला?" दर्शना हसली. तिला वाटलं, सासूबाई गंमत करतात. तेव्हा त्या खरोखरच थोडी गंमत करत होत्या.

पुढे गंमत राहिली नाही. गिरणीत दळण टाकून यायची आणि आणायचं विसरायची. मीठ दोनदा घालायची, नाहीतर घालायचीच नाही. बोलताना दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडायची, मग स्वतःच जीभ चावायची. एक केर काढायला घेतला की पलंगाखाली जुना फोटो सापडायचा, फोटो पुसायला फडकं शोधताना शिवणाचा डबा सापडायचा, आणि संध्याकाळी घरात केर तिथेच, डबा उघडा, फोटो खाटेवर आणि दर्शना पडवीत भावजींच्या शर्टाचं बटण लावत बसलेली. मोबाईलमध्ये तिने गजर लावून ठेवले होते. दिवसभर ते वाजायचे. ती बंद करायची आणि हातातलं काम पुढे चालू. एकदा गजर वाजतोय पण फोन सापडेना, सगळं घर शोधत होतं. शेवटी तांदळाच्या पिंपात निघाला.

मी तिला विचारलं होतं, असं का होतं म्हणून. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, माझं डोकं म्हणजे माणगावचा स्टँड आहे. सगळ्या गाड्या एकदम पुकारतात." आणि नाकात बोलून दाखवलं, "म्हसळा, श्रीवर्धन, पाली, गोरेगाव, प्रवाशांनी लक्ष द्यावे. आता यात माझी गाडी कुठली ते मला कळत नाही. कळतं तोवर ती सुटलेली असते." त्यानंतर काही विसरलं की ती एवढंच म्हणायची, "ती गाडी गेली, अक्का."

शाळेतही तिचं असंच होतं. तिची प्रगतीपुस्तकं मी पाहिली आहेत, लग्नात येताना सामानात चुकून आली होती. दरवर्षी बाईंचा शेरा एकच, हुशार आहे पण लक्ष देत नाही. अक्षर बदललेलं, शेरा तोच. बारावीच्या एका पेपराला ती गेलीच नव्हती, तारीख दुसरी समजली होती. हे सांगताना ती हसायची. हसून झालं की पुस्तकं परत पेटीच्या तळाशी घालायची.

तिला काहीच येत नव्हतं असं मात्र नाही. आमच्याकडे पांढरा कांदा होतो. काढला की पातीसकट शेतातच वाळवायचा आणि मग पात एकात एक गुंफून त्याच्या माळा विणायच्या, मोठे कांदे खाली, बारीक वर. या कामाला आमच्या घरात दर्शनासारखा हात कुणाचा नव्हता. एकदा बसली की पाण्यालाही उठायची नाही. माझी एक माळ होईपर्यंत तिच्या तीन व्हायच्या, आणि सैल एकही नाही. सासूबाई न बोलता तिची माळ हातात घेऊन ताणून बघायच्या आणि आढ्याला टांगायच्या. ते त्यांचं कौतुक. पण त्या वेळी चुलीवर काही असलं तर ते जळायचंच.

एकदा सासूबाईंना पेंढा काढताना हाताला साप चावला. मी नुसती उभी राहिले. माझे यजमान ओरडायला लागले. दर्शना त्या दिवशी अशी होती की जणू दुसरीच कुणी. सासूबाईंना खाली निजवलं, हात हलवू दिला नाही, हातातल्या बांगड्या काढल्या, शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली, किती वाजता चावला ते स्वतःच्या हातावर पेनाने लिहून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, या मुलीमुळे वेळेवर आलात. सासूबाई आठ दिवसांनी घरी आल्या. भेटायला येणाऱ्यांना त्या सगळं सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "पण जाताना गॅस तसाच ठेवून आली हो. भाजीचा कोळसा झाला." लोक हसायचे. दर्शना चहाचे कप ठेवून आत यायची. "बघितलंत अक्का, साप गेला, कोळसा राहिला."

भावजी किहीमला एका बंगल्यावर राखणीला होते, रविवारी घरी यायचे. सुरुवातीला तिच्या विसरण्याला हसायचे. मग हसायचे थांबले. मग "तू मुद्दाम करतेस" असं म्हणायला लागले. ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

एक दिवस आम्ही दोघी विहिरीवर होतो. तिने कळशी भरली आणि काठावर ठेवून बसून राहिली. म्हणाली, "अक्का, तुम्हाला पण वाटतं का मी मुद्दाम करते? मी रोज सकाळी ठरवते, आज काही चुकायचं नाही. देवापुढे हात जोडून ठरवते. मग दुपारी बघते तर आदल्या दिवशीचंच सगळं. माझ्यात काहीतरी वाईट असेल का हो?"

मला म्हणायचं होतं की तुझ्यात वाईट काही नाही. पण माझ्या तोंडातून वेळेवर शब्द निघत नाहीत. लहानपणापासून तसंच आहे. चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावात होती, मला पाठवलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही. चार माणसांत माझा आवाज चढत नाही, आणि एकाच माणसापुढेही नेमक्या वेळी अडतो. मी म्हटलं, "चल, ऊन वर आलं."

ती उठली. वाटेत म्हणाली, "तुम्ही बोलत नाही ना, मग लिहीत जा. अक्षर किती छान आहे तुमचं. मी बारावीपर्यंत जाऊन माझं ते असलं." त्या दिवशी तिने मला स्वराची एक पाटी आणून दिली होती. मी त्यावर काही लिहिलं नाही.

आता त्या मार्च महिन्यातल्या दिवसाचं लिहायचं आहे. स्वरा तेव्हा पाच वर्षांची होती.

कांदा काढून झाला होता. सगळा खालच्या वाफ्यांत पसरून ठेवला होता, एकाच्या पातीने दुसरा कांदा झाकून, उन्हाने तो हिरवा पडू नये म्हणून. वरच्या तुकड्यात मिरची होती, तिला मोटारीने पाणी द्यायचं होतं. सासूबाई नागावला बारशाला निघाल्या. निघताना दर्शनाला म्हणाल्या, "एक वाजता मोटार लाव, तीनला बंद कर. पाणी बांध ओलांडेल, खाली कांदा हाय." दर्शनाने समोरच ओढणीला गाठ मारली. मग सासूबाई माझ्याजवळ आल्या. "मोठे, तिच्यावर सोडू नको. तीन वाजता आठवण कर तिला."

मी मान हलवली.

तीनच्या सुमाराला मी तिला शोधायला निघाले. ती शेजारच्या ओट्यावर होती. मोटार लावून येताना तिला कुणाची तरी सुटलेली शेळी दिसली होती, ती धरून आणून दिली, तर तिथल्या म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या सुईत दोरा ओवून दे. दोरा ओवून दिला आणि मग गोधडीच शिवायला बसली. कोपऱ्यावरून मला ती दिसत होती. मान खाली, हात भराभर चाललेला, माळ विणताना चालायचा तसा. ओट्यावर त्यांचे मुंबईचे पाहुणे बसले होते, तीन-चार पुरुष, दोन अनोळखी बायका. सगळे मोठ्याने बोलत होते. मी कोपऱ्याशी उभी राहिले. एवढ्या लोकांसमोर हाक मारायची, मग सगळे माझ्याकडे बघणार. मनात म्हटलं, तिने गाठ मारली आहे, तिला आठवेल.

आणखीही एक मनात आलं होतं, ते लिहायला हवं. मनात आलं, रोज रोज मीच का आठवण करायची.

मी परत फिरले. शेत काही फार लांब नव्हतं. मोटारीचं बटण मलाही दाबता येत होतं. मी घरी येऊन पापड उलटत बसले.

संध्याकाळी सासूबाई परस्पर शेतावरूनच आल्या. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी नुसतं शेताकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे धावलो. खालच्या वाफ्यांत पाणी उभं होतं आणि त्यात आमचा कांदा. दर्शना पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी कांदे उचलून बांधावर ठेवायला लागली. अंधार पडेपर्यंत ती थांबली नाही. मला एवढंच म्हणाली, "गाठ सारखी हाताला लागत होती, अक्का. मला वाटलं दळणाची."

पात कुजली. कुजलेल्या पातीची माळ होत नाही. त्या वर्षी आमच्या आढ्याला एकही माळ लागली नाही.

पुढच्या रविवारी तिच्या वडिलांना आणि काकांना बोलावलं. पडवीत बसले सगळे. दर्शना दाराच्या चौकटीला टेकून उभी, मी तिच्या मागे. सासूबाईंनी चहाच्या पातेल्यापासून सगळं सांगितलं, एवढ्या वर्षांचं. त्यांना सगळं आठवत होतं. तिचे काका म्हणाले, "पोर आहे, चुकतं. नीट आठवण केली असती तर केलं असतं तिने."

सासूबाई म्हणाल्या, "आठवण केली न्हाय व्हय? मोठीला मुद्दाम सांगून गेलेले मी." आणि वळल्या. "काय गो मोठे, केलीस ना तिला आठवण?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भावजी, माझे यजमान, तिचे वडील. दर्शनाही मागे वळली होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आशाही नव्हती. ती खरोखर जाणून घ्यायला बघत होती, की आपल्याला कुणी सांगितलं होतं का.

माझी मान हलली. हो म्हणून.

दर्शनाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे. म्हणाली, "अक्कांनी सांगितलं असेल. मीच विसरले असेन. मला आठवत नाही."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, खोटं आहे, ही माझ्याकडे आलीच नव्हती. पण लहानपणापासून जिला सगळे सांगत आले की तुला सांगितलं होतं, तूच ऐकलं नाहीस, तिचा स्वतःच्या आठवणीवर काय विश्वास असणार. माझ्या एका मानेवर तिने विश्वास ठेवला.

चार महिने माहेरी राहू दे, डोकं ठिकाणावर येईल, असं ठरलं. स्वराची बालवाडी होती, म्हणून स्वरा इथेच. जाताना दर्शनाने पिशवी भरली, तीनदा उपसली, परत भरली. मला म्हणाली, "अक्का, स्वराला दूध गार लागतं. तुम्ही विसरणार नाही, मला माहीत आहे." आणि गाडीत बसली. चपला दारात विसरली होती. भावजी त्या घेऊन रस्त्यापर्यंत धावले. त्या दिवशी मला वाटलं होतं, ते तिला परत आणतील.

चार महिन्यांचं वर्ष झालं. तिने वडिलांच्या टपरीवर वडे तळायला सुरुवात केली. स्वराला फोन करायची. एखाद्या आठवड्यात अजिबात नाही, एखाद्या दिवशी चार वेळा. सासूबाई म्हणायच्या, "लेकीची पण आठवण न्हाय हिला." फोन माझ्या हातात आला की ती विचारायची, "अक्का, आता बोलावतील का हो?" मी म्हणायचे, "बघू." एवढाच शब्द मला यायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. दर्शना हायवे ओलांडून घरी चालली होती. छत्री समोरच्या दुकानात राहिली म्हणून मधूनच परत फिरली. ट्रकवाल्याला वाटलं नव्हतं ती फिरेल.

सासूबाई रडल्या. खोटं कशाला लिहू, खूप रडल्या. मग म्हणाल्या, "रस्त्यात पण लक्ष न्हाय पोरीचं." मी तुळशीपाशी बसून विचार करत होते, की या वेळी तिला आठवलं होतं. आठवलं म्हणूनच तर ती परत फिरली.

स्वरा आता आठवीत आहे. माझ्याजवळच वाढली, मला मोठीआई म्हणते. दोन महिन्यांपूर्वी शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी हुशार आहे, पण लक्ष देत नाही. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग मी भावजींना म्हटलं, हिला डॉक्टरला दाखवायचं. इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते लगेच हो म्हणाले.

अलिबागला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी स्वराशी पुष्कळ वेळ गप्पा मारल्या, आमच्याकडून कागद भरून घेतले. मग चार इंग्रजी अक्षरं सांगितली, ए-डी-एच-डी. मी ती मराठीत लिहून घेतली. म्हणाल्या, मेंदूची ठेवणच अशी असते, यात आळस नाही, मुद्दामपणा नाही, उपाय आहेत. मुलगी शांत किंवा हसरी असली की घरात कुणाला कळत नाही, सगळे वेंधळी म्हणून सोडून देतात. मग त्यांनी विचारलं, घरात अजून कुणी असं आहे का?

भावजी जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "हिची आई." आणि मग गाठींचं सांगितलं, तांदळाच्या पिंपातल्या फोनचं सांगितलं, ती माळा कशा विणायची तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता खात्रीने सांगता येणार नाही. पण असू शकेल. त्यांना कुणी तपासलं नाही का कधी?" भावजी उठून बाहेर गेले.

मिनीडोअर रिक्षेतून परत येताना स्वरा माझ्या खांद्याला टेकून बसली होती. म्हणाली, "मोठीआई, आजी नेहमी सांगते ना, आईला आधी आजीने सांगितलं, मग तू आठवण केलीस, तरी ती मोटार विसरली. मला आधी आईचा राग यायचा. दोनदा सांगून कोण विसरतं. पण मी पण तशीच आहे ना. आता मला नाही राग येत."

ती आईला माफ करत होती, जे आईने केलंच नव्हतं त्यासाठी. मी बाहेर बघितलं. मिठागरं गेली, खाडीचा पूल गेला, आमचा फाटा आला. मी स्वराचा हात धरून उतरले.

म्हणून हे लिहायला घेतलं. स्वराच्या सातवीच्या वहीत मागची पानं कोरी होती. पंधरा दिवस लागले, सगळे बाहेर गेले की थोडं थोडं. स्वरा, तुझ्या आईला दोनदा कुणी सांगितलं नव्हतं. मी कोपऱ्यावरून परत फिरले होते, आणि पडवीत मान हलवली ती खोटी होती. हे तू आजीला वाचून दाखवलंस तरी चालेल. तुझ्या बाबांनाही दाखव.

उद्या ती शाळेतून आली की वही तिच्या हातात द्यायची आहे. मघाशी मी पदराला गाठ मारली. मी विसरणाऱ्यातली नाही, मला सगळं आठवतं. पण उद्या चार वाजता मी पुन्हा पापड उलटत बसेन, याची मला भीती वाटते. गाठ हाताला लागत राहिली पाहिजे.